आफ्रिकन स्वाइन फीवर: विषाणू डुकराच्या अंगात कसा फिरतो आणि त्याला कुठे अडवता येतं

शेडमधलं एक डुक्कर मरतं. उकाड्याने गेलं असेल, काही वंगाळ खाल्लं असेल, असं म्हणून ते नाल्याकडेला टाकलं जातं. पुढे आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग त्याच कप्प्यातली तीन-चार डुकरं एकाच सकाळी खाण्याकडे फिरकत नाहीत आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत शेड रिकामी होते. आफ्रिकन स्वाइन फीवर बऱ्याचदा असाच येतो. रोग वाऱ्यासारखा पसरला असं नंतर सगळे म्हणतात, पण सुरुवातीला तो चांगलाच हळू चालतो. पहिल्या मरतुकीनंतरचे ते शांत दिवस हीच त्याला अडवायची वेळ असते आणि ती हातातून निसटते, कारण विषाणू त्या दिवसांत अंगात काय करत असतो हे वरून दिसत नाही.

ही माहिती कळवा, मुंब्रा, दिवा, शिळफाट्यापासून दिघा, रबाळे, तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यात पाच-दहा ते शंभर-दीडशे डुकरं पाळणाऱ्यांसाठी आहे. या भागात जागा अपुरी, शेड एकमेकांना लागून, खाद्य बहुतेक हॉटेलांच्या आणि एमआयडीसीच्या कॅन्टीनांच्या खरकट्यावर, आणि आजूबाजूला नाल्याकाठी मोकाट फिरणारी डुकरंही. मोठ्या फार्मसाठी लिहिलेले नियम इथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मात्र विषाणूची चाल तीच असते.

आधी एक गैरसमज दूर करू. हा स्वाइन फ्लू नव्हे. स्वाइन फ्लू माणसाला होतो, आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. तो फक्त पाळीव आणि रानडुकरांचा रोग आहे; गाय, बकरी, कुत्रा, कोंबडी यांनाही होत नाही. माणूस त्यात फक्त वाहक असतो: चपलेवरून, कपड्यांवरून, टेम्पोच्या चाकांवरून, बादलीतून तो विषाणू घेऊन जातो.

या रोगाचं पहिलं वर्णन १९२१ साली केनियातून आलं. आज आशियात धुमाकूळ घालणारा प्रकार २००७ मध्ये जॉर्जियात पोहोचला, २०१८ मध्ये चीनमध्ये, आणि २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात. मे २०२० मध्ये भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने भारतातला रोग निश्चित केला. यावर औषध नाही आणि भारतात वापरासाठी मान्यता मिळालेली लसही नाही. दिसायला अगदी असाच असलेल्या नेहमीच्या क्लासिकल स्वाइन फीवरची लस टोचली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही विषाणू अगदी वेगळ्या कुळांतले आहेत, एकाची लस दुसऱ्यावर काहीही काम करत नाही.

अंगात शिरल्यापासून पुढे

विषाणू बहुतेक वेळा तोंडा-नाकावाटे शिरतो. दूषित खरकटं, आजारी डुकराची लाळ, जमिनीवर सांडलेलं रक्त चाटणं, मेलेल्या डुकराला हुंगणं-कुरतडणं हे त्याचे मार्ग. आजार होण्यासाठी किती विषाणू पोटात जावा लागतो हे तो कशातून जातो यावर ठरतं. द्रवातून अतिशय थोडा पुरतो, कोरड्या खाद्यातून त्याच्या कित्येक पट लागतो. त्यामुळे आमटी-भाताचं पातळ धुवण कोरड्या भुशापेक्षा जास्त धोक्याचं. पण थोडा थोडा विषाणू रोज पोटात जात राहिला तर कोरडं खाद्यही तेच करतं.

पहिला मुक्काम घशात: टॉन्सिल आणि घशाच्या मागची त्वचा. तिथून जबड्याखालच्या आणि घशामागच्या लसिका गाठींमध्ये. या गाठींमधल्या ज्या पेशी बाहेरचे जंतू गिळून संपवतात, त्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींमध्येच हा विषाणू वाढतो. म्हणजे शरीर ज्यांच्या जोरावर लढणार, तेच त्याचं घर. या काळात डुक्कर खातं, पितं, भांडतं. बाहेरून काहीही कळत नाही.

मग लसिकेतून आणि रक्तातून तो अंगभर जातो. संसर्गानंतर साधारण चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान रक्तात विषाणू सापडू लागतो, आणि त्याचा ९० टक्क्यांहून मोठा भाग लाल रक्तपेशींना चिकटलेला असतो. ताप चढलेल्या डुकराच्या एका मिलिलीटर रक्तात कोट्यवधी विषाणू असू शकतात. लाळ, नाकाचा स्राव, लघवी, विष्ठा यांत त्या मानाने फारच कमी.

रोगाची पुढची सगळी चाल या फरकात आहे. रक्त अंगातच आहे तोवर विषाणू शेजारच्या डुकराला लाळेतून आणि अंगाला अंग लागून थोडा थोडा जातो. म्हणून पहिलं आणि दुसरं जनावर यांच्यात एक-दीड आठवड्याचं अंतर पडतं. हवेतून तो एक-दोन मीटरपलीकडे फारसा जात नाही. पण रक्त बाहेर आलं, मग ते नाकातून असो, रक्ताच्या जुलाबातून असो, भांडणातल्या जखमेतून असो, सुईवर असो किंवा सुरीवर असो, की त्याच कप्प्यातली सगळी डुकरं एकदम लागतात. पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक कामाचा हेतू एकच आहे: आजारी डुकराचं रक्त दुसऱ्या डुकराच्या तोंडापर्यंत जाऊ न देणं.

रक्तातून विषाणू प्लीहा (पाणथरी), अस्थिमज्जा, यकृत, फुफ्फुसं, मूत्रपिंडं आणि उरलेल्या लसिका गाठींत पोहोचतो आणि तिथल्या मॅक्रोफेजमध्ये पुन्हा वाढतो. या पेशी मरताना दाह वाढवणारी रसायनं मोठ्या प्रमाणात सोडतात. ताप त्यातून येतो. रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींमध्ये विषाणू शिरतही नाही, तरी त्या या रसायनांच्या माऱ्याने मरतात, म्हणून प्रतिकारशक्ती कोसळते. बारीक रक्तवाहिन्यांच्या आत जागोजागी रक्त गोठू लागतं. त्यात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक खर्च होतात आणि मग जिथे गोठायला हवं तिथे गोठत नाही. कानांच्या टोकांना, पोटाखाली, मांड्यांच्या आत, शेपटीला लाल-जांभळे चट्टे येतात ते यामुळे. चट्टे दिसले म्हणजे रोग बराच पुढे गेलेला असतो.

आतली अवस्था पशुवैद्यकाच्या अहवालात वाचायला मिळते, म्हणून ती ओळखीची असावी. निरोगी डुकराची प्लीहा लांबट, अरुंद पट्टीसारखी असते. या रोगात ती कित्येक पट फुगते, काळपट होते आणि हाताने चुरडावी इतकी ठिसूळ बनते. जठराजवळच्या आणि मूत्रपिंडाजवळच्या लसिका गाठी गोठलेल्या रक्तासारख्या दिसतात. मूत्रपिंडावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके असतात. शेवटी फुफ्फुसांत पाणी भरतं, त्यामुळे मेलेल्या डुकराच्या नाकातोंडाशी रक्ताळ फेस दिसतो. हे बघण्यासाठी डुक्कर फाडायचं नाही, कधीच नाही. त्याचं कारण वर आलंच आहे.

लक्षणं दिसायला संसर्गापासून साधारण ४ ते १९ दिवस लागतात आणि लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनच डुक्कर विषाणू बाहेर टाकू शकतं. तीव्र प्रकारात संसर्गानंतर ६ ते १३ दिवसांत मृत्यू येतो, क्वचित वीस दिवसांपर्यंत. मरतुक शंभर टक्क्यांपर्यंत जाते. अतितीव्र प्रकारात काहीच न दिसता डुक्कर सकाळी मेलेलं सापडतं. काही सौम्य प्रकारांत ताप चढ-उतार करतो, सांधे सुजतात, वजन घटतं, गाभण माद्या गाभडतात. शरीर प्रतिपिंडं बनवतं ती साधारण दुसऱ्या आठवड्यात. तोवर बहुतेक डुकरं गेलेली असतात, आणि जी प्रतिपिंडं बनतात तीही या विषाणूला पुरेशी निष्प्रभ करत नाहीत. वाचलेलं डुक्कर कित्येक आठवडे विषाणू बाळगू शकतं. ते चिवट निघालं म्हणून पैदाशीला ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा.

थर्मामीटर

खाणं सुटण्याच्या आसपास किंवा त्याआधीच ताप येतो, आणि चट्टे तर त्याच्या बऱ्याच नंतर येतात. त्यामुळे दीडशे-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर हे या रोगाविरुद्धचं सर्वात स्वस्त हत्यार आहे, आणि तरी तो बहुतेक शेडमध्ये नसतो.

डुकराचं नेहमीचं तापमान सरासरी ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२.५ फॅरनहाइट. ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलं की संशय धरायचा. या रोगात ते ४०.५ ते ४२ पर्यंत चढतं. मोजायची वेळ पहाटे सहा-सातची. ठाण्याच्या दमट दुपारी पत्र्याच्या शेडखाली निरोगी डुकराचंही तापमान वर जातं, कारण डुकराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. दुपारी मोजणं भाग पडलं तर अंगावर पाणी मारा, सावलीत वारा लागू द्या आणि तासाभराने पुन्हा मोजा. उन्हाने चढलेलं उतरतं, रोगाने चढलेलं तसंच राहतं.

थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात सुमारे पाच सेंटीमीटर सरळ आत घाला, किंचित एका बाजूला टेकवा आणि बीप होईपर्यंत धरा. फक्त विष्ठेत खुपसला तर आकडा कमी येतो. मोठ्या डुकराला दोरीने आवळण्यापेक्षा ते खात असताना फळीने भिंतीशी धरणं सोपं. आरडाओरड आणि झटापट झाली तर त्यानेही तापमान चढतं. प्रत्येक डुकरानंतर थर्मामीटर साबणाच्या पाण्याने पुसून मग जंतुनाशकाने पुसा. संशयित कप्प्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवा.

सगळ्या डुकरांचं रोज मोजणं शक्य नाही आणि गरजही नाही. खाण्यावर उशिरा आलेली, कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडलेली, उठवल्यावर मागचे पाय लटपटणारी, गाभडलेली, आणि मेलेल्या डुकराच्या कप्प्यातली सगळी, एवढ्यांचं मोजा. मरतुक झालेल्या कप्प्यातल्यांचं तीन आठवडे रोज मोजायचं. एका वहीत तारीख, डुकराची खूण, तापमान आणि खाणं उरलं का, हे चार रकाने पुरे. पशुवैद्यकाला ही वही तुमच्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

संशय आला त्या दिवशी

इथे सर्वांत मोठी चूक इंजेक्शनाची होते. ताप दिसला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून एकाच सुईने सगळ्या कप्प्यांना टोचलं जातं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि त्या सुईवरचं रक्त एका डुकरातून थेट दुसऱ्यात जातं. आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवून हळू चाललेला रोग एका दुपारी सगळ्या शेडभर जातो. डुकरांना एरिसिपेलस नावाचाही रोग होतो. त्यात ताप येतो, अंगावर चौकटी चट्टे उठतात आणि पेनिसिलिनने एक-दोन दिवसांत गुण येतो. हे अनुभवातून माहीत असल्यामुळे लोक टोचतात. टोचायचं ते पशुवैद्यकाने सांगितल्यावर, आणि एका डुकराला एक सुई. लोहाचं इंजेक्शन, लस, जंतनाशक, काहीही असो, नियम हाच. खच्चीकरणाचं पातं आणि कानाला खूण करायचा चिमटाही प्रत्येक जनावरानंतर उकळून घ्या.

त्या दिवशी गेट बंद करा. डुक्कर, मांस, खाद्य, खत, टेम्पो, काहीही बाहेर जाणार नाही आणि आत येणार नाही. आजारी डुक्कर हलवू नका. हलवलं तर वाटेवर लाळ-रक्त सांडतं. हलवायची ती त्याच्या शेजारच्या कप्प्यातली निरोगी दिसणारी डुकरं, तीही मधे निदान एक रिकामा कप्पा सोडून. निरोगी कप्प्यांचं काम आधी, संशयित कप्प्याचं शेवटी, आणि त्यानंतर निरोगी बाजूला परत जायचं नाही. संशयित कप्प्याला वेगळे गमबूट, वेगळी बादली, वेगळा खराटा. गड्याच्या घरी दोन डुकरं असतील तर त्याला त्या काळात एकाच ठिकाणी काम करू द्या, मजुरी पूर्ण द्या. नाहीतर तो सांगणार नाही आणि दोन्हीकडे जात राहील.

लगेच जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाच्या २००९ च्या कायद्याने मालकावर हे कळवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. कळवल्यावर सगळी डुकरं मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात, आणि ती भीती समजण्यासारखी आहे. पण हिशेब नीट मांडा. रोग निश्चित झाला तर राष्ट्रीय कृती आराखड्याप्रमाणे साधारण १ किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणी क्षेत्र धरला जातो. बाधित क्षेत्रातली डुकरं शासन मारतं आणि त्यांची भरपाई मिळते. आजाराने आधीच मेलेल्या किंवा घाईने विकून टाकलेल्या डुकरांची भरपाई मागता येत नाही. आठवडाभर थांबलात तर त्या आठवड्यात मेलेली जनावरं हिशेबातून जातात. आजारी डुकरं कमी भावात खाटकाला देणं तर सर्वांत वाईट: एका कापणीत सांडलेलं रक्त सगळ्या वस्तीतल्या डुकरांना पुरतं.

नमुने पशुवैद्यकच घेतील. जिवंत डुकराचं रक्त जांभळ्या बुचाच्या, रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेल्या नळीत. मेलेल्याची प्लीहा, लसिका गाठी, टॉन्सिल, मूत्रपिंड. ते बर्फाच्या पेटीत चार अंशांच्या आसपास जायला हवेत. विषाणू ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीसाठीचा नमुना फॉर्मलिनमध्ये घालत नाहीत. ताप चढलेल्या जिवंत डुकराचं रक्त सर्वांत उपयोगी असतं, म्हणून कोणतं जनावर कधी तापलं ही वही दाखवा. क्लासिकल स्वाइन फीवर आणि हा रोग डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, कोणी कितीही जुना जाणकार असला तरी. निकाल येईपर्यंत आफ्रिकन धरूनच चालायचं.

मेलेलं डुक्कर

नाल्यात, खाडीत, रेल्वेलाइनच्या कडेला, कचराकुंडीत टाकायचं नाही. मोकाट डुकरं आणि कुत्री ते ओढून नेतात. येऊरच्या बाजूला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला रानडुकरं आहेत. त्यांच्यात हा रोग गेला तर तो काढणं जवळजवळ अशक्य होतं, युरोपातल्या जंगलांनी ते दाखवलं आहे.

नाकातोंडात आणि गुदद्वारात जंतुनाशकात भिजवलेला कापूस किंवा चिंध्या दाबून भरा, म्हणजे उचलताना रक्त-पाणी गळणार नाही. मग दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ओढत नेऊ नका, पत्र्यावर किंवा हातगाडीवर ठेवून न्या आणि ती जागा व गाडी दोन्ही धुवा. पुरायची जागा पशुसंवर्धन विभाग आणि महापालिका यांच्याशी बोलून ठरवा. खड्डा निदान दोन मीटर खोल, खाली आणि वर चुना, त्यावर किमान एक मीटर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड. पोट फाडून पुरू नका.

आपल्या भागात खड्ड्याचीच अडचण आहे. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत थोडं खणलं की पाणी लागतं. डोंगराच्या बाजूला कातळ लागतो. पावसाळ्यात तर कुठेही. पाणी लागलेल्या खड्ड्यात पुरणं म्हणजे विषाणू नाल्यात सोडणं. अशा वेळी जाळणं किंवा लांबची उंच जागा हाच उपाय, आणि ती जागा रोग यायच्या आधीच विचारून ठेवायला हवी. मरतुक सुरू झाल्यावर जेसीबी शोधण्यात दोन दिवस जातात आणि तोवर मढी उघड्यावर कुजतात. कुजल्याने विषाणू मरतो असं समजू नका. कुजलेल्या रक्तातही तो १५ आठवड्यांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत.

खरकटं

विषाणू मांसात फार टिकतो. थंड ठेवलेल्या मांसात सुमारे ११० दिवस, खारवलेल्यात १८२, सुकवलेल्यात ३००, आणि गोठवलेल्या मांसात १००० दिवसांपर्यंत. त्यामुळे आसपास कुठेही रोग नसताना एखाद्या हॉटेलच्या फ्रीजरमधून, सॉसेजच्या उरलेल्या तुकड्यातून, बाहेरगावाहून आणलेल्या सुक्या मांसातून तो तुमच्या ड्रममध्ये येऊ शकतो. खरकटं बंदच करावं हा शासनाचा आणि आमचाही सल्ला. तुर्भ्याच्या बाजारातला भाजीपाला, बेकरीचा माल, तांदळाचा कोंडा यांवर बराचसा भार टाकता येतो. पण खाद्य हाच या धंद्यातला सर्वात मोठा खर्च आहे आणि खरकटं उद्या सकाळी बंद होणार नाही, हे वास्तव धरून उकळण्याची पद्धत नीट सांगणं जास्त कामाचं.

९० अंशांवर किमान ६० मिनिटं, सतत ढवळत. साठ अंशांना वीस मिनिटांत विषाणू मरतो असंही वाचायला मिळेल. ते खरं आहे, पण ते प्रयोगशाळेतल्या द्रवासाठी. ड्रमातला भाताचा गोळा आणि त्यात दडलेलं हाडाचं मांस बराच वेळ थंड राहतं. दोनशे लिटरचा ड्रम दोन-तृतीयांशच भरा, म्हणजे ढवळायला जागा राहते. घट्ट असेल तर पाणी घाला. मुठीपेक्षा मोठे तुकडे आधी फोडा किंवा काढून टाका. वेळ मोजायची ती कडेला बुडबुडे आल्यापासून नाही, तर तळापासून ढवळल्यावरही मधोमध उकळी टिकते तिथून. ढवळणारा माणूस चहाला गेला की खाली करपतं, मधे कच्चं राहतं. साठ मिनिटं एका माणसाने तिथेच थांबायचं.

एवढं करूनही रोग येतो, आणि बऱ्याचदा कारण एकच: ज्या बादलीतून कच्चं आणलं तीच उकळलेलं वाढायला वापरली. कच्च्याचे ड्रम लाल, उकळलेल्याचे निळे, असा रंग मारून टाका. ढवळायचा दांडा वाढायला वापरायचा नाही. कच्चं उतरवायची जागा शेडच्या बाहेर आणि शेडपेक्षा खालच्या उताराला, म्हणजे ड्रम धुतलेलं पाणी आणि पावसाचा लोट डुकरांकडे येणार नाही. टेम्पो गेटच्या बाहेरच थांबेल. झाकणं घट्ट हवीत, कारण कावळे, उंदीर आणि कुत्री कच्चे तुकडे पळवून आत नेतात.

धुणं

जंतुनाशक शिंपडण्याआधी धुणं महत्त्वाचं, आणि तेच गाळलं जातं. विष्ठा, रक्त आणि अन्नाचा थर असेल तर क्लोरीन त्या थरावरच खर्च होतं. आधी खरवडून सुकी घाण काढा, ती जाळा किंवा पुरा. मग डिटर्जंटच्या पाण्याने खराट्याने घासा. जोराच्या फवाऱ्याने घाण उडून शेजारच्या कप्प्यात जाते, म्हणून दाब कमी ठेवा. वाळू द्या. मग जंतुनाशक, आणि ते ३० मिनिटं ओलं राहायला हवं. पुन्हा धुवा, वाळवा, आणि काही दिवसांनी सगळं परत करा.

ब्लीचिंग पावडर: या विषाणूला २.३ टक्के क्लोरीन लागतं. पाकिटावर ३३ टक्के लिहिलेल्या ताज्या पावडरीचं प्रमाण १० लिटर पाण्याला ७०० ग्रॅम. गाळ बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. कोकणच्या हवेत उघडं राहिलेलं पोतं महिन्याभरात निकामी होऊ लागतं; झोंबणारा वास नसेल तर ती नुसती पांढरी पूड आहे. कॉस्टिक सोडा: १० लिटरला २०० ग्रॅम, सिमेंटच्या जमिनीला आणि भिंतींना उत्तम. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, गॉगल, गमबूट हवेतच. ॲल्युमिनियमची भांडी आणि डुकरं दोन्ही दूर. ब्लीचिंग पावडरीत टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही ॲसिड मिसळू नका, जीवघेणा क्लोरीन वायू सुटतो.

गेटवरचं जंतुनाशकात पाय बुडवायचं घमेलं रोज बदला, वर पत्रा टाका. पावसाचं पाणी पडून पातळ झालेलं घमेलं नसल्यासारखंच. त्यापेक्षा गेटवर चपला काढून शेडचेच गमबूट घालायचे, ही सवय जास्त भरवशाची. व्यापारी, खाटीक, शेजारी यांनी कप्प्यापर्यंत यायचंच नाही. डुकरं गेटवर आणून दाखवा. पैदाशीचा नर या शेडमधून त्या शेडमध्ये फिरवू नका, विषाणू वीर्यातूनही जातो. चावऱ्या माशीच्या अंगात दूषित रक्तातला विषाणू दोन दिवसांपर्यंत टिकतो, तेव्हा उकिरडा शेडला लागून नको.

पुन्हा डुकरं आणताना

रोग निश्चित झालेली शेड किती दिवस रिकामी ठेवायची हे पशुसंवर्धन अधिकारी लेखी सांगतील. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात किमान ४० दिवस धरले आहेत. मग नेहमीच्या संख्येच्या साधारण एक-दशांश डुकरं सोडायची आणि सहा आठवडे बघायची. ती सगळ्या कप्प्यांतून फिरतील असं बघा, एकाच धुतलेल्या कोपऱ्यात कोंडली तर बाकीच्या जागेबद्दल काहीच कळत नाही. या काळातही रोज पहाटेचं तापमान वहीत.

रोग न आलेल्या शेडमध्ये बाहेरून आणलेली डुकरं ३० दिवस वेगळी ठेवा. एकोणीस दिवस तर नुसती लक्षणं दिसायला लागू शकतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे हळू जाण्याचा वेळ त्यात धरायलाच हवा. एकाच टेम्पोतून आलेली सगळी एकत्र, नंतर आलेली त्यांत मिसळायची नाहीत. मिसळली की तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.